स्प्रूसचा शंकू

नांदेडला आमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक शिपाई मामा आहेत. पाइनसारख्या, सुईसारखी पानं असणाऱ्या हिमालयातल्या झाडांच्या नमुन्यांचं कपाट त्यांच्या ताब्यात असतं. मी वर्गात पोचायच्या आधीच ते मुलींना सांगून टाकतात, "एका झुबक्यात तीन सुया आल्या की चीड, पाच आल्या की कैल. आधी मोजा, मग बोला." मला शिकवायला फारसं काही उरत नाही.

यंदा मी मनालीहून आले आणि बॅग घरी टाकून थेट मामांकडे गेले. तिथल्या दुकानदारानं फरच्या झाडाचा म्हणून दिलेला एक लांबट शंकू आणि सुकी डहाळी त्यांच्या हातात ठेवली. मामांनी डहाळीची एक सुई चिमटीत धरून फिरवली. पुन्हा फिरवली.

"म्याडम, ही तर फिरून राहिली. फरची सुई चपटी, ती अशी फिरत न्हाई. अन् फरचा शंकू झाडावरच सुटा होतो, असा अख्खा खाली पडत न्हाई. हा स्प्रूस हाय. आपल्या कपाटात नव्हता."

पीएचडी माझी, आणि मी दुकानदारावर विश्वास ठेवला होता.

"मामा, ही झाडं तुम्ही कुठं पाहिली?"

"कुठं पाहणार? मुदखेड ते नांदेड, एवढंच आपलं फिरणं."

बोलता बोलता त्यांनी शंकूला दोरा बांधला, स्टुलावर चढले आणि पंख्याच्या रिकाम्या हुकाला तो उलटा टांगला. "झाडावर असाच लोंबतो."

मग खाली उतरून ते बरोबर त्याच्याखाली उभे राहिले आणि वर पाहू लागले. नजर छताला टेकली तरी त्यांची मान मागं जातच होती, जणू झाडाचा शेंडा अजून वरच होता.