टीव्हीवर आईची पत्रं

बाबा अकोटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर आम्ही अकोल्याला राहायला आलो. पुढे शुगरमुळे त्यांची नजर अधू झाली. माणसं दिसत, बारीक अक्षरं नाही. पेपर मी वाचून दाखवायचे.

एका रविवारी त्यांनी पेटीतून पत्रांचा गठ्ठा काढला. लग्नानंतर आई अमरावतीला डीएड करत होती, तेव्हा तिने त्यांना लिहिलेली.

"वाचून दाखवू?" मी विचारलं.

"नाई. हे मले माह्याच डोळ्यानं वाचाचे हायेत."

मी मजकुरावर नजर न ठेवता फोटो काढले आणि लॅपटॉपवर घेतले. टीव्हीवर वीतभर अक्षर झालं, तर त्यांना दिसणार होतं. लॅपटॉपपासून टीव्हीला केबल लावली. टीव्ही म्हणे, सिग्नल नाही.

माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स आहे. नेटवर दिसेल ती कमांड मी टाकत सुटले. लॅपटॉपला टीव्ही सापडतच नव्हता. तासाभरानं मला रडू यायला लागलं.

"एकदम चार नट ढिले करू नोको," बाबा म्हणाले. "ते केबल डिशच्या डब्ब्याले लावून पाय."

लावली. बातम्या दिसल्या. म्हणजे केबलही चांगली, टीव्हीही.

"पहिले चाले का हे?"

"दिवाळीत चाललं होतं."

"मंग मधात काय बदललं?"

मला आठवलं. परवाच लॅपटॉप अपडेट केला होता. त्यात नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभाच, आला होता. लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि सुरुवातीच्या यादीतून जुना कर्नल निवडला. टीव्ही उजळला. नव्या कर्नलवर टीव्हीला चित्र पाठवणारा ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसलाच नव्हता.

मी पहिलं पत्र उघडलं. बाबांनी खुर्ची पुढे ओढली. हवेत बोट फिरवत एकेक शब्द लावू लागले.

तेवढ्यात हात पुसत आई आली. "अवं माय! हे काहून लावलं टीव्हीवर? पोरगी पाहून राहिली ना!"

"तिले भाईर पाठव," बाबा मान न वळवता म्हणाले. "आन तू बस इथं."

मी दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले. बऱ्याच वेळानं आतून आईचा आवाज आला, "असं मी नाई लिवलं."

"लिवलं हाय. पाय ना, केवढं मोठं दिसते."

ड्रायव्हर मी पुढच्या रविवारी नीट बसवला. तोवर लॅपटॉप टीव्हीलाच जोडलेला होता.