वडलांना फोन लावू का?

भूकंपानंतरच्या भरतीत मी पोलिसात लागले. लातूरच्या ट्युशनच्या भागातल्या ठाण्यात आले तोवर केस पिकायला लागले होते, तरी साहेबांचा चहा सांगायला मीच. बाईची तक्रार आली की एक बाई कर्मचारी समोर हजर लागते, म्हणून मला आत बोलवायचे. बसायचं, तोंड उघडायचं नाही. त्या हजर राहण्याची मला मनस्वी चीड होती.

त्या दिवशी देगलूरची एक मुलगी आली. डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी लातुरात खोली करून राहणारी. आमचाच एक जमादार गस्त घालताना मुलींचे मोबाईल नंबर घ्यायचा, सुरक्षेसाठी म्हणे, आणि मग अवेळी फोन करायचा. काय बोलायचा ते तिनं खाली मान घालून सांगितलं. तो दाराला टेकून ऐकत होता.

"नंबर तूच दिलास ना?" साहेब म्हणाले. "हसून दिला असशील."

जमादार खुदकन हसला. माझं डोकंच फिरलं.

"साहेब, फिर्याद घ्यावी लागते," मी म्हणाले.

"तुला बसायला बोलावलंय."

मग साहेबांनी हुकमी पत्ता काढला. "वडलांना फोन लावू का?" एवढं विचारलं की मुली मुकाट्यानं उठून जायच्या. बाप येणार, सामान बांधणार, शिक्षण संपलं.

"नको सर, परीक्षा जवळ आलीय," मुलगी म्हणाली. पण जागची हलली नाही.

साहेबांनी तिच्या ट्युशनच्या ओळखपत्रावरचा नंबर पाहून फोन लावला, स्पीकर सुरू केला. तुमची पोरगी पुरुषांना नंबर वाटत फिरते, आता पोलिसांवर आळ घेतेय, असं तिखटमीठ लावून सांगितलं. पलीकडे शिलाई मशीन चालू होती, ती थांबली.

"पोरगी हाय का तिथं?" बापानं विचारलं.

"आहे."

"माय, लिहून दिल्याबिगर उठू नको. म्या निघालो."

मुलगी ढसाढसा रडायला लागली. साहेबांनी फोन बंद केला. मी कागद पुढं ओढला आणि लिहायला घेतलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा आनंद कधी झाला नव्हता.

सही करून ती बाहेर गेली. साहेब माझ्याकडे वळले. मोबाईल हातातच होता.

"तुझ्या नवऱ्याचा नंबर सांग."

अंगावर वर्दी, निम्मी नोकरी सरलेली, आणि हा माणूस माझी तक्रार माझ्या घरी करणार होता. मी नंबर दिला नाही. महिन्याच्या आत माझी उदगीरला बदली झाली.