अकराव्याचं अंथरूण

बायको क्षयानं गेली. शेवटचा हिवाळा तिनं मळ्यातल्या खोपीत काढला. लेकरांपासून तिला वेगळं ठेवा, असं बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ते पाळलं. पण लेकरांच्या नावाखाली स्वतःही लांब राहिलो. रात्री ती कुडकुडते, असं गडी सकाळी येऊन सांगायचा. मी ऐकून घ्यायचो.

अकराव्या दिवशी निरवांगीला नीरेच्या काठी शय्यादान ठेवलं. गेलेल्या माणसाच्या नावानं बाज, अंथरूण-पांघरूण, छत्री, वहाणा, तांब्या द्यायचा. दान घेणारा भटजी त्या बाजेवर बसला की ते सगळं तिकडे पोचतं, अशी आमच्याकडची समजूत. चुलतीनं हट्टानं बाजेवर तिचीच गोधडी घातली.

"नवं कशाला? वळखीचं पांघरूण मिळू दे की तिला."

मलाही तेच हवं होतं. तिची थंडी जावी, एवढंच आता माझ्या हातात होतं.

असली दानं घेणारे भटजी इंदापुराहून आले होते. हाडकुळा माणूस. संकल्प सांगून झाला, माझ्या हातून पाणी सोडून झालं, आणि बाजेपाशी येऊन ते थांबले.

"बाई कशानं गेल्या?"

चुलतीनं मला डोळ्यानं खुणावलं. पण माझ्यानं खोटं बोलवेना.

"खोकल्यानं. रक्त पडायचं."

ते मागं सरले. "मग हे अंथरूण नको मला."

"तुमी न्हाय घेतलं तर तिनं काय पांघरायचं?" चुलती म्हणाली. "दान घेणाराला कवापासनं निवड आली?"

"मेलेल्याचं घेतो, आजी. मरण घरी नेत नाही. माझी पोरं एकाच अंथरुणात निजतात."

मी त्यांचे पाय धरले. ते पाय काढून घेईनात, पण बसेनातही.

"दुसरं काहीही घाला," ते हळू म्हणाले. "बसतो मी."

माझ्या खांद्यावर घोंगडी होती. गोधडी काढून वाळूत टाकली आणि बाजेवर घोंगडी पसरली. ते बसले. मी पाय चेपले, प्रदक्षिणा घातली.

"हीच घोंगडी खोपीत न्यायला काय झालं हुतं तुला?" चुलती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. भटजींनी मान खाली घातली.

सामान छकड्यात घालून ते गेले. रीतीप्रमाणं त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

वाळूतली गोधडी चुलतीनं उचलली. "पोरींस्नी आईचा वास तरी ऱ्हाईल."

मी ती तिच्या हातातून ओढून घेतली आणि पेटवली. जाड गोधडी जळेना, नुसती धुमसायला लागली. मग काठीनं एकेक थर उकलत गेलो. विटकी लुगडी, माझं जुनं धोतर, मधेच तिच्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याचा काठ.

"येवढा तुकडा तरी ठिव," चुलती म्हणाली.

मी ठेवला नाही. ती पाण्याकडं तोंड करून बसली. धुरानं मला खोकला लागला, तो थांबेना. तिनं दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.