छातीवरची जांभळी रेघ

"मॅडम, कार्सिनोमा आहे," डॉक्टर म्हणाली आणि माझ्याकडे न बघता टेबलावरचा पेन सरळ करत बसली. कार्सिनोमा म्हणजे अवयवाच्या अस्तरातून उठलेला कॅन्सर. बिचारीच्या जिभेवर तो शब्द जड झाला होता, कारण हाच धडा कधीकाळी मी तिला शिकवला होता.

"ग्रेड सांग आधी, किती जोरात वाढतोय ते. रडणं मग पाहू," मी म्हटलं.

माझी सारी नोकरी नागपूरच्या प्रयोगशाळेत गेली. लोक कोंबड्या पाळतात, मी कॅन्सरच्या पेशी पाळल्या. त्यांच्यावर किरणं सोडायची आणि शेजारच्या निरोगी पेशी किती तासांत स्वतःची डागडुजी करतात ते मोजायचं. इतक्या वर्षांची ओळख, पण माझ्याच डाव्या स्तनात येऊन बसताना एकीनंही विचारलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. मग रेडिओथेरपी, म्हणजे उरल्यासुरल्या पेशी मारायला बाहेरून किरणं. तीन आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. निवृत्तीनंतर राहत होते त्या ब्रह्मपुरीहून चंद्रपूरच्या दवाखान्यात जाणं-येणं झेपेना, म्हणून तिथेच मुलाकडे मुक्काम टाकला.

आधी सिम्युलेशन, म्हणजे रंगीत तालीम. स्कॅन काढून किरणं कुठे पडायची ते ठरवतात आणि छातीवर जांभळ्या शाईच्या रेघा मारतात. डाव्या बाजूला आत हृदय असतं, म्हणून रेघेला फार मान.

"साबण नाई, तेल नाई," टेक्निशियन प्रफुलभाऊंनी बजावलं. मला हसू आलं. हीच सूचना तरुणपणी मी एका पत्रकात लिहिली होती आणि खाली ठसक्यात जोडलं होतं, 'अडाणी रुग्ण रेघा पुसून टाकतात, त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे.' काय तोरा होता! पदवीची शाई वाळली नव्हती आणि बाई निघाल्या अडाणी मोजायला.

किरणं सुरू झाल्यावर आठव्या दिवशी कातडी लाल होऊन चुरचुरायला लागली. त्याच संध्याकाळी आरमोरीहून धाकटी बहीण भेटायला आली, मोहाच्या बियांचं तेल घेऊन.

"लाव न वो बाई, थंडक पडते."

भाजलं, कापलं, खरचटलं की हेच तेल लावत आम्ही मोठ्या झालो. मी तिला पंधरा मिनिटं विज्ञान ऐकवलं. ती हातपाय धुवायला गेली तशी बाटली उघडून चोळून घेतलं.

थंडक पडली खरी, पण रेघ गेली. अर्धी बोटांना, अर्धी झंपराला.

आता प्रफुलभाऊंना काय सांगायचं? आयुष्यभराची अब्रू तेलात! पर्समध्ये प्रयोगशाळेतल्या काचेच्या बश्यांवर नंबर टाकायचा जांभळा मार्कर अजून होता. आरशासमोर उभी राहून मीच रेघ मारली. सुबक आली. स्वतःवर खूश होऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी मशीनखालच्या टेबलावर पडले. "हलू नका, बाई," म्हणून प्रफुलभाऊ बाहेर गेले. जाड दार लागलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. अशा अंदाजपंचे रेघेवर मी माझ्या प्रयोगातला उंदीरही निजवला नसता. आणि खाली माझं हृदय, सत्तर वर्षं एक दिवसाची सुटी न मागितलेलं.

बाहेरून ते बघतात त्या कॅमेऱ्याकडे हात हलवून मी ओरडले, "थांबा भाऊ! रेघ माझी आहे!"

प्रफुलभाऊ धावत आले. "तुमची म्हंजे?"

"म्हणजे मीच काढली. तेल लावलं होतं."

त्यांनी कपाळावर हात मारला. "बाई, तुम्ही तं डॉक्टरले शिकवलं न! एटापल्लीची एक आजी होती, तिनं तेल लावलं तं आल्याबरोबर सांगतलं होतं. तुम्ही काऊन लपवून राह्यल्या?"

मी उठून बसले आणि डॉक्टरला बोलवायला सांगितलं.

डॉक्टरनं येऊन मोजलं. "बोटभर सरकली आहे मॅडम. हृदयाकडे." मग ओठ दाबत म्हणाली, "मी असं केलं असतं तर तुम्ही मला लॅबमधून हाकललं असतं."

"हाकललं असतं," मी म्हटलं. "आणि मग तू पुन्हा कधी खरं बोलली नसतीस."

नवा स्कॅन झाला, नव्या रेघा पडल्या, बुडालेला दिवस शेवटी जोडून मिळाला. बायांनो, तेवढं ऐका. रेघ गेली तर सांगा. मशीनला तुमची लाज कळत नाही. दाखवाल तिथे ते किरणं सोडतं. आणि प्रफुलभाऊंसारखी माणसं रागावली तरी जीव वाचवूनच रागावतात.

शेवटच्या दिवशी बाकावर शेजारी कुरखेड्याकडची एक बाई पदर घट्ट आवळून बसली होती. हळूच म्हणाली, "आजी, घामानं रेघ गेली. मले घरी पाठवतीन का?"

मी तिचा हात धरला आणि तिला सरळ आत नेलं. "भाऊ, हिची रेघ गेली. बोलायचं असन तं मले बोला, मले सवय हाय."

प्रफुलभाऊंनी खुर्ची पुढे सरकवली. तिला म्हणाले, "बसा ताई. बरं झालं सांगतलं."