एकशे ऐंशी कौलांची मजुरी

१९३१ सालच्या मार्गशीर्षातला पहिला रविवार. ठरलेला रोज : गड्याला सहा आणे, बाईला तीन. ठरवताना हजर मी, माझे थोरले बंधू आणि घराचे काम पाहणारा सुतार. बायांना कोणी विचारले नव्हते.

महाडच्या बंदरावर उतरलेली चौदाशे मंगलोरी कौले बैलगाड्यांनी पोलादपूरला आली होती. आमच्या नव्या घरापर्यंत गाडी चढत नसे, म्हणून चार गडी आणि चार बाया लावल्या. फूटतूट कळावी म्हणून प्रत्येक खेप मी वहीत टिपून ठेवली. संध्याकाळी सगळ्यांदेखत बेरीज वाचली. एका विधवेने एकशे ऐंशी कौले वर नेली होती. कंबर धरून चालणाऱ्या एका गड्याने एकशे बारा.

तिने सहा आणे मागितले.

"बाईचा रोज मीठमिरचीला," बंधू म्हणाले. "घर गड्याच्या रोजावर चालतं."

"माज्या घरात गडी कुठं हाय? आन् माज्या डोक्यावर कवलं काय कापसाची होती?"

गडी हसले. ते समजू शकते. त्यांचा सगळा मान त्या तीन आण्यांच्या फरकावर उभा होता. पण बाया जास्त हसल्या. "पुरा रोज घेऊन मिशा फुटतील गो तुला!" स्वतःच्या अर्ध्या रोजाचे त्यांना काही वाटत नव्हते, दुसरीला पुरा मिळतो याचे वाटत होते. सुताराने शास्त्र सांगितले : पुरा रोज बाईच्या हातात पडला की घराची बरकत जाते. कोणाच्या घराची, असे मी विचारले. त्याची खात्री मात्र तसूभर हलली नाही.

"उद्यापासून कामाला येऊ नको," बंधूंनी बजावले. कौले चढली तरी घराचे आठ दिवसांचे काम बाकी होते, हे तिला ठाऊक होते.

"नाय येत. आजचं द्या."

मी वही पुढे केली. वहीतले खोडता येईना, तेव्हा बंधूंनी तोड काढली : रोज पुरा द्यायचा, पण पुरुषाच्या हाती. म्हणजे बरकतीला धक्का नाही. तिचा वेगळ्या चुलीचा दीर दुपारपासून समोरच्या आंब्याखाली विडी ओढत बसला होता. त्याला हाक मारली. सुताराने मान डोलावली, बायांनाही पटले. आणि आकडा बरोबर जमला एवढ्यावर मीही गप्प राहिलो, तेव्हा मला त्यांच्यातून वगळण्याचे कारण नाही.

दिले : सहा आणे, दिराच्या हाती. त्याने त्यातले दोन तिला दिले.