ग्रेन आणि गुंज

औषधाच्या मापाला ‘ग्रेन’ हे नाव कोठून आले, आणि नावाचा उगम कळला म्हणजे माप कळते का, हे दोन प्रश्न मला सोडवायचे आहेत.

मी तेव्हा उमरेडच्या शाळेत शिक्षिका होते. नागपुरात आईला हिवताप झाल्याचे कळताच घरी आले. दारातून हाक मारली. तिने मान वळवली नाही. जवळ जाऊन खांदा हलवला, तेव्हा म्हणाली, “काय म्हणून राहिली वं? मोठ्यानं बोल. कानात भुंगे फिरून राहिले माह्या.”

मी घाबरले. वडिलांना औषधाचे विचारले. ते सोनार. दवाखान्यात पुड्या बांधायला वेळ नव्हता, म्हणून कंपाउंडरने क्विनीनची बाटलीच त्यांच्या हाती दिली व म्हटले, “पाच-पाच ग्रेन तोलून द्या. सोनाराले काय शिकवायचं!”

“ग्रेन म्हणजे काय, ते विचारलंत?”

“विचारलं न. दाणा, म्हणे. आपल्या काट्यावर दाणा म्हणजे गुंज. पाच गुंजा टाकून तोलतो.”

कंपाउंडर खोटे बोलला नव्हता. लॅटिनमध्ये ‘ग्रानुम’ म्हणजे धान्याचा दाणा, त्यावरूनच ग्रेन. परंतु तो दाणा जवाचा किंवा गव्हाचा. सोनाराच्या काट्यावरची लाल गुंज नव्हे. फळ्यावर मीच लिहीत असलेले कोष्टक आठवले: एका तोळ्याचे ग्रेन एकशेऐंशी, गुंजा शहाण्णव. म्हणजे प्रत्येक वेळी आईच्या पोटात जवळजवळ दुप्पट औषध गेले होते.

वडील काट्याकडे पाहत राहिले. “पण दाणा तर दाणाच न वं, पोरी?”

डॉक्टरांनी औषध थांबवले. “क्विनीन जास्त झाल्यानं कान बसलेत, बहुधा उघडतील,” ते म्हणाले. त्या ‘बहुधा’ने आमची झोप उडाली. वडिलांनी काम बंद ठेवले. आईच्या उशाशी बसून ते हळूच टिचकी वाजवत आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत. चेहरा हलत नसे.

पुढे एका सकाळी, नथीचे काम अडले म्हणून, त्यांनी ओसरीवर हातोडी घेतली. दोन-चार ठोके पडले असतील.

आतून आवाज आला, “अहो, किती ठोकून राहिले! झोपू द्याल का मले?”

वडिलांनी हातोडी खाली ठेवली. मग मुद्दाम आणखी एक ठोका दिला.

“पुन्हा!” आई ओरडली.

उगम खरा होता. माप चुकले होते. वाचकांनी माझ्यावर विसंबू नये. एका पारड्यात गुंज ठेवावी, दुसऱ्यात जवाचे दाणे, आणि किती लागतात ते स्वतः तोलून पाहावे.