तंट्याचा दुसरा पक्ष

आमच्या गावाच्या वेशीवर सिमेंटची कमान आहे. तिच्यावर तेलरंगानं 'तंटामुक्त गाव' असं लिहिलंय आणि दोन्ही खांबांवर हात जोडलेल्या बाया काढल्या आहेत. ती कमान माझ्या धानाच्या राखेवर उभी आहे असं मी म्हणते, तेव्हा नवरा म्हणतो, तुझ्या जिभेला हाड नाही. नाहीच आहे. असतं तर या गावात मला कोणी जगू दिलं नसतं.

तंटामुक्तीची मोहीम आली तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या होत्या. गावातली भांडणं गावातच मिटवा, बक्षीस मिळवा, असं सरकारचं म्हणणं. वाईट काय त्यात? बांधाच्या वीतभर जागेसाठी सख्खे भाऊ गोंदियाच्या कोर्टात चपला झिजवतात, ते थांबलं तर बरंच. पण बक्षीस म्हटलं की माणसाची नजर फिरते. भांडण मिटवायला अक्कल लागते, झाकायला नुसती गोधडी पुरते. आमच्या तंटामुक्ती समितीकडे गोधड्या पुष्कळ होत्या.

समितीचे अध्यक्ष माझे चुलत सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात, आणि सून त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेऊन उभी राहते. खाटेवर काय, पाटावरही बसत नाही. मामाजी तसे गावात भला माणूस म्हणून ओळखले जात. लग्न जुळवायला, वाटण्या करायला त्यांनाच बोलवत. त्यांनी कधी कोणाला दुखावलं नाही असं लोक कौतुकानं सांगत. आता मला कळतं, कोणालाच न दुखावणारा माणूस नेहमी जोरवाल्याच्या बाजूला सापडतो.

माझा नवरा ट्रक चालवतो. देवरीवरून रायपूरकडे आणि परत. महिन्यात मोजके दिवस घरी. शेती माझ्या हातात. आमची बांधी, म्हणजे धानाचं, भाताचं शेत, बोदलकसा तलावाच्या पाटाच्या अगदी शेपटाला आहे. त्या वर्षी धान निसवला आणि नेमकं तेव्हाच पाणी येईना. पाटाच्या कडेनं चालत वर गेले तर वरच्या बांधीवाल्यांनी पाटाची पाळ फोडून पाणी आपल्याकडे वळवलं होतं. त्यांच्या बांध्या भरून वाहत होत्या आणि माझ्याकडे भेगा पडल्या होत्या. मी विचारलं तर हसले. मग मी तालुक्याच्या ऑफिसात जाऊन बसले. साहेब नाहीत म्हणाले, तर साहेब येईपर्यंत बसले. शेवटी एक इंजिनियर जीपमधून आला आणि सगळ्यांच्या देखत फोडलेली पाळ बुजवून गेला. माझ्या बांधीत पाणी आलं. सरकारकडून आपलं काम करून घेता येतं, या आनंदात मी आठवडाभर तरंगत होते.

वरच्या बांधीवाल्यांपैकी एक जण मला रस्त्यात म्हणाला, "पानी तं नेलं. आता धान घरी नेऊन दाखवजो."

धान कापला, भारे बांधले, बांधीतच पुंजणं घातलं. परगावच्या लोकांना सांगायचं तर पुंजणं म्हणजे कापलेल्या धानाच्या भाऱ्यांची गोल, उंच रास. मळणीचं मशीन येईपर्यंत अख्ख्या वर्षाची मेहनत तिथं उघड्यावर उभी असते. तिला कुलूप नसतं, तिच्यावर राखण फक्त गावाच्या लाजेची.

आठवडी बाजाराच्या दिवशी भर दुपारी ते पेटलं. सगळं गाव बाजारात होतं. मी धावत पोचले तेव्हा मधला भाग लाल झाला होता आणि कडेच्या लोंब्यांतून लाह्या फुटत होत्या. वास लाह्यांचाच होता, सणासुदीला येतो तसा. तो वास मला आजही सहन होत नाही. आगीची गाडी आली तेव्हा विझवायला काही उरलं नव्हतं. आलोच आहे तर, म्हणून ड्रायव्हरनं राखेवर पाणी मारलं.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात गेले. धमकी कोणी दिली, कशावरून दिली, सगळं सांगितलं. ठाणेदार ऐकत होता, पण लिहीत नव्हता. कोणाची तरी बिडी पडली असेल म्हणाला. मी म्हटलं, सगळं गाव बाजारात, माझ्या बांधीत बिडी ओढायला कोण येईल? तेव्हा त्यानं खुर्ची मागं सरकवली. तुमचं गाव तंटामुक्तीत आहे, आपसात बघा, समितीकडे जा, म्हणाला. घर पेटवल्यावर शेजाऱ्याशी बोलून घ्या म्हणावं, तसं ते होतं. धान पेटवणं हा गुन्हा आहे की तंटा, हे मी त्याला विचारलं. त्यानं शिपायाला चहा सांगितला. माझ्यासाठी नव्हे.

समिती शाळेच्या ओसरीवर बसली. पुरुष खुर्च्यांवर, मी खांबाला टेकून उभी, डोक्यावर पदर. धमकी देणारा समोर पान चघळत बसला होता. त्याला कोणी एक शब्द विचारला नाही. मामाजी मलाच समजावत होते.

"सूनबाई, गावाचं नाव जिल्ह्यात चालून राहिलं. एका पुंजण्यापायी गावाले कायले खाली पाडतं?"

मग ठरलं की आग बिडीनं लागली. कोणाच्या बिडीनं, ते ठरलं नाही. तसा कागद लिहिला गेला, मामाजींनी त्यावर सही केली आणि मोठ्या मनानं जाहीर केलं की घरटी एक सूप धान सूनबाईला द्यायचं. मी म्हटलं, मला सूप नको, ज्यानं आग लावली तो माणूस पाहिजे. ओसरीवर चुळबुळ झाली. बाईला मस्ती आली, नवरा बाहेर राहतो ना, असं कोणीतरी माझ्या पाठीमागं बोललं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते दुःखानं नव्हे. त्या क्षणी मला एकेकाच्या खुर्चीचा पाय मोडावासा वाटत होता.

मी गोंदियाला पोलिसांच्या मोठ्या ऑफिसात गेले. तिथं एका मोठ्या साहेबानं शांतपणे ऐकून घेतलं, बहनजी, न्याय होगा, म्हणाला आणि माझा अर्ज पुढच्या कारवाईसाठी खाली पाठवला. खाली म्हणजे त्याच ठाण्यात. तिथला हवालदार तो अर्ज घेऊन माझ्या दारात आला आणि वर कायले गेली म्हणून मलाच दम देऊन गेला. सरकारची विहीर अशी असते. कुठूनही बादली सोडा, वर तेच पाणी येतं.

बक्षिसाआधी बाहेरच्या तालुक्यातले तपासणारे आले. शाळेसमोर मांडव, रांगोळी, पोरींचं स्वागतगीत. त्यांच्या प्रमुखानं कागद बघत विचारलं, कोणाचा काही तंटा बाकी आहे का? सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उभी राहिले आणि सांगितलं. तो बिचारा घाईत होता, जेवणं थांबली होती.

"बाई, तंट्याला दोन पक्ष लागतात," तो म्हणाला. "तुमचा दुसरा पक्ष कोण?"

मी त्या पान चघळणाऱ्याकडे बोट दाखवलं. तो हात जोडून म्हणाला, माझं वहिनींशी काहीच भांडण नाही. समितीनं माना डोलावल्या. दुसरा पक्षच नाही म्हटल्यावर तंटा नव्हता. गावाला बक्षीस मिळालं आणि त्यातून ती कमान झाली. मी तिच्याखालून गेले नाही. बाजारातून येताना पाटाच्या कडेनं, चिखल तुडवत घरी येत होते. लोक हसत. हसोत.

कमानीचा रंग उडायला लागला आणि मामाजींचं पुंजणं पेटलं.

तेही दिवसाच, गाव लग्नाला गेलेलं असताना. मीही घागर घेऊन धावले. सगळ्यांनी फेकलं तसं पाणी फेकलं. खोटं कशाला सांगू, मामाजींचं मला वाईट वाटलं नाही. धानाचं वाटलं. कोणी म्हणे वरच्या बांधीवाल्यांशी त्यांचं पाटावरूनच बिनसलं होतं, कोणी म्हणे घरातलंच काही. आग कोणी लावली ते कळलं नाही, अजूनही नाही. पण एकदा पचलं की हात सरावतो, हे सांगायला कोणी जाणता लागत नाही.

मामाजी ठाण्यात गेले. ठाणेदार नवा होता, पण खुर्ची तीच. तुमचं गाव तंटामुक्त, तुम्ही स्वतः अध्यक्ष, तुमच्या गावात आग कोण लावेल? असं आधी कधी घडलं होतं का? बिडी पडली असेल. मामाजी तसेच परत आले, आणि संध्याकाळी माझ्या अंगणात येऊन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या दारात उभे होते आणि मी खाटेवर बसले होते. मी उठले नाही.

त्यांना माझं पुंजणं हवं होतं. म्हणजे आधीही एकदा गावात पुंजणं पेटवलं गेलं, हे मी ठाण्यात सांगायला हवं होतं. तू बोलणारी आहेस, म्हणाले. इतक्या दिवसांत माझ्या बोलण्याचं त्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक. मी म्हटलं, येते. पण मी सांगणार नाही, तुम्ही सांगायचं. माझं पुंजणं पेटवलं होतं, हे एक वाक्य तुमच्या तोंडून. त्यांनी मान हलवली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यांच्यावरचा राग होताच, पण त्याहून मोठी एक आशा होती आणि तिचाच जास्त संताप येत होता. अध्यक्षानंच सांगितलं तर ठाणेदाराला लिहावं लागेल. त्यांचं लिहिलं तर माझंही निघेल.

ठाण्यात दोन खुर्च्या होत्या. मामाजी एकीवर बसले, मी दुसरीवर. त्यांनी चमकून पाहिलं. ठाणेदारानं तोच प्रश्न केला, "पहले कभी हुआ था क्या ऐसा, गाव में?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला उघड दिसत होतं. माझं पुंजणं पेटवलं होतं म्हणावं, तर बिडीच्या कागदावर त्यांचीच सही. मग बक्षीस, मग कमान, मग भला माणूस.

"सूनबाईचं जळलं होतं," ते म्हणाले. "पन ते बिडीनं."

ठाणेदारानं पेन खिशाला लावलं. मी उठले.

"मग तुमचंही बिडीनंच जळलं, मामाजी," मी म्हटलं आणि बाहेर आले. दोघं एकाच ऑटोनं परतलो. कमानीच्या अलीकडे मी ऑटो थांबवला आणि पाटाच्या कडेनं घरी गेले.

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, जाऊ दे. माझ्या आयुष्यात एवढ्या वेळा जाऊ दिलंय की आता जायला काही उरलं नाही.

पुढची ग्रामसभा भरली तेव्हा नवा ठाणेदार पाहुणा म्हणून आला होता. ग्रामसेवकानं दरवेळचं वाचलं: गावात कोणाचा काही तंटा आहे काय? नसल्यास तशी नोंद घेण्यात येत आहे. तो पुढच्या विषयावर जाणार तेवढ्यात मी म्हटलं, आहे. ग्रामसेवकानं कंटाळून विचारलं, कोणाशी?

"मामाजींशी," मी म्हटलं. "माझं पुंजणं पेटवलं होतं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी बिडी लिहिली. आता त्यांचं जळलं तरी त्यांना बिडीच सांगावी लागते."

मामाजींचा चेहरा उतरला. सूनबाई, माझा तुझ्याशी कायचा तंटा, असं ते कसंबसं म्हणाले, पण म्हणताना उठून उभे राहिले होते, आणि मीही उभी होते. डोक्यावरचा पदर खाली आला होता, तो मी सावरला नाही. ठाणेदार मामाजींकडे पाहत होता. त्यालाही आता ठाण्यातली ती खुर्ची आणि ते 'पन ते बिडीनं' आठवलं असावं.

"दोन पक्ष लागतात ना?" मी ग्रामसेवकाला म्हटलं. "मोजा. एक मी. दुसरे हे."

ग्रामसेवकानं ठाणेदाराकडे पाहिलं. ठाणेदारानं नाइलाजानं मान हलवली. ग्रामसेवक लिहू लागला. अर्जदाराचं नाव, सामनेवाल्याचं नाव, कारण. मी त्याच्या खांद्यावरून वाकून शब्दन् शब्द वाचत होते. माझं पुंजणं जळल्यापासून माझं म्हणणं कोणी लिहून घेतलं ते हे पहिल्यांदा. सासरा-सुनेचा तंटा म्हणून ते लिहिलं गेलं. ज्यानं आग लावली होती, तो मागच्या रांगेत पान चघळत बसला होता. त्याचं नाव त्यात कुठंच नव्हतं.